रेषेखालचा आकडा: लोकसंख्येची मापं, नागपूरच्या उदाहरणांवरून

गांधीबागेतल्या डागा रुग्णालयात जन्मलेलं प्रत्येक बाळ नागपूरचं नसतं. कोणाची आई रामटेकहून आलेली असते, कोणाची भंडाऱ्याहून, कोणाची थेट शिवनी-छिंदवाड्याहून. केस अवघड दिसली की गावचा डॉक्टर चिठ्ठी लिहून 'नागपूरला घेऊन जा' म्हणतो. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहेच. सासर पुण्याचं आणि बाळ धंतोलीतल्या दवाखान्यात, असंही रोज घडतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा सांगतो की घटना जिथे घडली तिथेच तिची नोंद करायची. म्हणून ही सगळी बाळं महापालिकेच्या रजिस्टरात येतात. त्यांच्या आया मात्र शहराच्या लोकसंख्येत मोजलेल्या नसतात.

आता रजिस्टरातले एकूण जन्म घेतले, शहराच्या लोकसंख्येने भागले आणि हजाराने गुणले, तर उत्तर येईल. पण ते नक्की कोणाच्या जन्मदराचं? नागपूरकरांच्या नाही आणि भंडारेकरांच्याही नाही. मृत्यूंच्या बाबतीत हा घोळ आणखी मोठा, कारण मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांत अर्ध्या विदर्भाचे आणि शेजारच्या मध्य प्रदेशाचे अत्यवस्थ रुग्ण येतात.

लोकसंख्याशास्त्राची मूळ मापं शाळेच्या गणितापलीकडे जात नाहीत. बेरीज, भागाकार, गुणिले हजार, बस. चूक होते ती बहुतेक वेळा भागाकाराच्या रेषेखाली. वर ज्या घटना मोजल्या, त्या ज्या लोकांमध्ये घडू शकत होत्या तेच लोक खाली हवेत. पुढचा सगळा लेख एवढी एक गोष्ट धरून चालतो. तो वस्तीपातळीवर काम करणारे कार्यकर्ते, भूगोल-समाजशास्त्राचे विद्यार्थी आणि आरोग्याच्या बातम्या करणारे पत्रकार यांच्यासाठी आहे. कॅल्क्युलेटर जवळ घेऊन बसा.

आधी ठरवा: कोणतं नागपूर?

'नागपूरची लोकसंख्या' म्हटलं की किमान तीन आकडे समोर येतात. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्हा ४६,५३,५७० माणसांचा होता. महापालिका हद्दीत २४,०५,६६५ लोक होते. आणि हद्दीला लागून झालेली शहरी वाढ धरून जो 'नागरी समूह' बनतो, त्यात सुमारे २४ लाख ९८ हजार. तिन्ही आकडे बरोबर आहेत. चुकतं तेव्हा, जेव्हा जन्म एका हद्दीतले असतात आणि माणसं दुसऱ्या हद्दीतली.

हद्द ही वाटते तेवढी पक्की गोष्ट नाही. हुडकेश्वर आणि नरसाळा २०११ नंतर महापालिकेत आले. म्हणजे पुढच्या जनगणनेचा शहराचा आकडा जुन्या आकड्याशेजारी ठेवून 'एवढे टक्के वाढ' असं म्हणाल, तर त्यात माणसं किती वाढली आणि रेघ किती सरकली हे वेगळं दिसणार नाही. दोन जनगणनांची तुलना करताना नवीन हद्दीतली गावं जुन्या जनगणनेतून शोधून त्यांची तेव्हाची लोकसंख्या आधी मिळवून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

'शहरी' या शिक्क्याचंही तेच. वाडी आणि डिगडोह २०११ मध्ये 'जनगणना शहरं' होती. नगरपालिका नव्हती, पण जनगणनेच्या तीन कसोट्या पूर्ण होत्या: लोकसंख्या किमान ५,०००, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. त्यामुळे जिल्ह्याचा शहरी वाटा ६८ टक्क्यांच्या वर दिसतो. ग्रामपंचायतीत राहणारा माणूस जनगणनेच्या कागदावर शहरी असू शकतो.

जनगणना माणसाला कुठला धरते, हेही माहीत हवं. आपल्याकडे नेहमीचं राहण्याचं ठिकाण पाहतात आणि एक क्षण गोठवतात. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी प्रगणक घरोघर फिरले, २८ च्या रात्री बेघरांची नोंद झाली आणि १ ते ५ मार्च फेरतपासणी झाली. संदर्भाचा क्षण होता १ मार्च सुरू होतानाची मध्यरात्र. त्यानंतर जन्मलेलं बाळ यादीत नाही, त्याआधी गेलेला माणूस यादीतून कमी. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. पुढच्या जनगणनेसाठी संदर्भाचा क्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र ठरला आहे. तिचे तक्ते हाती येईपर्यंत पाया २०११ चाच.

घनता काढणं सोपं. जिल्ह्याचं क्षेत्र ९,८९२ चौरस किलोमीटर, म्हणून घनता ४७०. राज्याची ३६५, गडचिरोलीची फक्त ७४. आणि महापालिकेच्या तेव्हाच्या २१७.५६ चौरस किलोमीटर हद्दीत सुमारे ११ हजार. एकाच जिल्ह्यात ४७० आणि ११ हजार! सरासरी घनतेवर दवाखाने वाटणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. भिवापूरच्या वाट्याला सतरंजीपुऱ्याची गर्दी नाही आणि सतरंजीपुऱ्याच्या वाट्याला भिवापूरचं अंतर नाही.

दोन जनगणनांमधला काळ भरून काढा

दर एका वर्षाचा असतो, जनगणना दहा वर्षांनी. मधल्या वर्षाचा छेद (रेषेखालचा आकडा; वरचा तो अंश) आपल्यालाच काढावा लागतो.

जिल्ह्याची २००१ ची लोकसंख्या ४०,६७,६३७. २०११ च्या आकड्याला तिने भागा: १.१४४. म्हणजे दशकात १४.४ टक्के वाढ. इथे बहुतेक जण १४.४ ला दहाने भागून 'वर्षाला १.४४ टक्के' लिहून मोकळे होतात. ते चूक, कारण यंदा वाढलेल्या माणसांवर पुढच्या वर्षी पुन्हा वाढ होते. चक्रवाढच ती. १.१४४ चा नैसर्गिक लॉगरिदम घ्या (कॅल्क्युलेटरवर 'एल एन' लिहिलेली कळ), तो ०.१३४६ येतो. दहाने भागला की वर्षाला १.३५ टक्के.

दुप्पट व्हायला किती वर्षं? ७० ला या टक्क्याने भागा: सुमारे ५२. पण हा फक्त वेगाचा अंदाज आहे. दर तोच राहिला तर, एवढीच त्याची किंमत. आणि दर तोच राहत नाही.

जन्म-मृत्यू जानेवारी ते डिसेंबर मोजतात. म्हणून त्यांच्यासाठी वर्षाच्या मध्याची, १ जुलैची लोकसंख्या घ्यायची. २०११ ची हवी असेल तर मार्च ते जुलै चार महिने, म्हणजे एक तृतीयांश वर्ष. ०.०१३४६ चा एक तृतीयांश ०.००४४९; तेवढी वाढ ४६,५३,५७० वर चढवली की सुमारे ४६ लाख ७४ हजार. जिल्ह्याच्या २०११ च्या सगळ्या ढोबळ दरांचा छेद हा.

ही पद्धत वाढ संथ आणि सरळ धरते. काळ तसा नसेल तर ती फसवते. १९११ मध्ये भारताची लोकसंख्या सुमारे २५.२ कोटी होती, १९२१ मध्ये २५.१ कोटी. दोन टोकांमध्ये रेघ ओढली तर दशक शांत दिसेल. मध्ये १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ होऊन गेली, हे रेघ सांगत नाही. २०११ ते २०२७ च्या मधली वर्षं भरताना २०२० आणि २०२१ हाताने तपासा.

वय विचारणं हेच खरं अवघड काम

पुढची सगळी मापं वयावर उभी आहेत, आणि वय हा सर्वेक्षणातला सगळ्यात कच्चा रकाना. उत्तर नागपुरातल्या कुठल्याही जुन्या वस्तीत आजीला वय विचारा. "लिही न बापू, साठ-पासष्ट." मग लिहिणारा साठ लिहितो नाहीतर पासष्ट. एकसष्ट कोणी लिहीत नाही. गावभराच्या नोंदी एकत्र केल्या की ३०, ३५, ४०, ४५, ५०, ६० या वयांवर माणसांचे ढीग दिसतात आणि २९, ३१, ४१, ५९ जवळजवळ ओस.

हा ढीग मोजायला व्हिपल निर्देशांक आहे. २३ ते ६२ वयाचे सगळे लोक मोजा. त्यातले २५, ३०, ३५ पासून ६० पर्यंतच्या शून्य-पाचाच्या वयांवरचे लोक वेगळे मोजा. त्यांना पाचाने गुणा, एकूणाने भागा, शंभराने गुणा. समजा एकूण ५,००० लोक आणि गोल वयांवर १,६००, तर उत्तर १६०. वयं नीट सांगितली असती तर १०० च्या आसपास आलं असतं. सगळ्यांनीच गोल वय सांगितलं असतं तर ५००. १०५ च्या आत उत्तम, १२५ पर्यंत चालेल, १७५ च्या वर गेलं तर त्या नोंदींवरून एकेका वर्षाच्या वयाचं काहीही सांगू नका. पाच-पाच वर्षांचे गट करा, त्यात थोडी सावरासावर होते.

नोंद घेतानाच सुधारायची असेल तर घटनांची दिनदर्शिका जवळ ठेवा. नागपुरात ती सहज बनते. "दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा मी आईच्या कडेवर होते" असं एखादी आजी म्हणाली, की १४ ऑक्टोबर १९५६ ला ती वर्ष-दीड वर्षाची, म्हणजे जन्म १९५५ च्या आगेमागे. नरखेड तालुक्यात असाल तर ३० जुलै १९९१ चा मोवाडचा पूर आहे. "पुराच्या साली थोरला पहिलीत होता" हे वाक्य 'वय अंदाजे चाळीस' पेक्षा कितीतरी कामाचं. अशा पाच-सहा स्थानिक खुणा कागदावर लिहून घेतल्याशिवाय वयाचा प्रश्न विचारायला निघूच नये, असं माझं ठाम मत आहे.

वयाचे गट हाती आले की मनोरा काढा: मधोमध उभी रेघ, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, खाली ०-४ आणि वर ८० च्या पुढचे. पायथा रुंद असेल तर जन्म जास्त, पायथा आत गेला असेल तर गेल्या काही वर्षांत जन्म घटले. फक्त पुरुषांच्या बाजूला २०-३४ मध्ये फुगवटा दिसला तर तिथे कामाला येणारे लोक आहेत. बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतीजवळच्या गावाचा मनोरा काढताना हे तपासा.

याच गटांतून अवलंबित्वाचं गुणोत्तर मिळतं. समजा १०,००० च्या वस्तीत १५ वर्षांखालची २,३०० मुलं, ६० आणि पुढचे १,२०० आणि मधले ६,५००. (२,३०० + १,२००) ÷ ६,५०० × १०० = सुमारे ५४. कमावत्या वयाच्या दर शंभर माणसांमागे ५४. कमावत्या 'वयाच्या', कमावत्या माणसांमागे नव्हे. एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसलेला अठ्ठावीस वर्षांचा मुलगाही त्या शंभरातच असतो. काही तक्ते म्हातारपण ६० ला सुरू करतात, काही ६५ ला. शेजारी ठेवण्यापूर्वी पाहून घ्या.

लिंग गुणोत्तर: जास्त म्हणजे चांगलं, असं नाही

आपल्याकडे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया मोजतात. जिल्ह्यात २०११ मध्ये २२,६८,५९५ स्त्रिया आणि २३,८४,९७५ पुरुष, म्हणून ९५१. राज्याचं ९२९. बाहेरच्या देशांच्या अहवालात उलटं, दर शंभर स्त्रियांमागे पुरुष असे आकडे दिसतील. गोंधळू नका.

रत्नागिरीचं गुणोत्तर १,१२२ होतं आणि मुंबई शहर जिल्ह्याचं ८३२. रत्नागिरीत मुलींचं कौतुक जास्त आणि मुंबईत कमी, असा अर्थ काढणारे लेख मी वाचले आहेत. रत्नागिरीचे पुरुष नोकरीला मुंबईत आहेत, एवढीच ती गोष्ट. एकूण गुणोत्तर स्थलांतराबद्दल जास्त बोलतं.

मुलींच्या जगण्याबद्दल विचारायचं असेल तर ० ते ६ वयोगट पाहा, त्याहून नेमकं हवं असेल तर जन्मावेळचं गुणोत्तर. निसर्गतः शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलांमागे ९५० च्या आसपास मुली. त्याच्या बरंच खाली आकडा सातत्याने राहिला, तर गर्भलिंगनिदानाची शंका घ्यावी. १९९४ चा कायदा त्यासाठीच आहे. २०११ मध्ये ०-६ चं गुणोत्तर नागपूर जिल्ह्यात ९३१, राज्यात ८९४ आणि बीडमध्ये ८०७ होतं. पण एका दवाखान्याच्या एका महिन्याच्या रजिस्टरावरून निष्कर्ष काढू नका. शंभर जन्मांत ५५ मुलगे आणि ४५ मुली निव्वळ योगायोगानेही येतात.

जन्म मोजण्याच्या चार पायऱ्या

पहिली पायरी ढोबळ जन्मदर: वर्षातले जिवंत जन्म भागिले मध्यवर्षाची लोकसंख्या, गुणिले हजार. नमुना नोंदणी पद्धतीनुसार (निवडक गावं-वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंची सरकारची सततची नोंद) २०२० मध्ये महाराष्ट्राचा १५.०, भारताचा १९.५, बिहारचा २५.५. याला ढोबळ म्हणतात ते उगीच नाही. छेदात आजोबाही आहेत आणि शाळकरी पोरंही.

दुसरी पायरी, छेद आवळणं. फक्त १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया खाली घ्या. हा सर्वसाधारण जननदर. जिथे तरुण पुरुष मजूर खूप आहेत अशा वस्तीत पहिल्या आणि या दरातलं चित्र पार बदलतं.

तिसरी, वयोगटवार दर. चौथी, त्यांची बेरीज: एकूण जननदर, ज्याला वर्तमानपत्रं 'दर स्त्रीमागे मुलं' म्हणतात. एक बनवलेलं उदाहरण करू. दर हजार स्त्रियांमागे एका वर्षातले जन्म असे समजा: १५-१९ मध्ये २०, २०-२४ मध्ये १३०, २५-२९ मध्ये ११०, ३०-३४ मध्ये ५०, ३५-३९ मध्ये १५, ४०-४४ मध्ये ४, ४५-४९ मध्ये १. बेरीज ३३०. प्रत्येक गटात स्त्री पाच वर्षं राहते म्हणून पाचाने गुणा: १,६५०. हजाराने भागा: १.६५. पाचाने गुणायचं विसरणं ही परीक्षेतली आणि अहवालातली सर्वांत लाडकी चूक.

या १.६५ चा अर्थ नीट घ्या. ही कुठल्याही खऱ्या स्त्रीची गोष्ट नाही. आज पंधरा वर्षांची असलेली मुलगी पुढची ३५ वर्षं आजच्याच दरांत जगली, तर तिला सरासरी किती मुलं होतील, असा तो हिशेब आहे. मुली उशिरा लग्न करू लागल्या की काही वर्षं हा दर प्रत्यक्षापेक्षा खाली दिसतो, कारण जन्म टळलेले नसतात, पुढे गेलेले असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आणि भारताचा २.०. पिढीची जागा पिढीने घ्यायला साधारण २.१ लागतो, दोन नव्हे, कारण मुलगे थोडे जास्त जन्मतात आणि काही मुली आई होण्याच्या वयाआधीच दगावतात. मग १.७ असूनही राज्याची लोकसंख्या वाढतेच कशी? आधीच्या पिढीत जन्मलेल्या मुली आज मोठ्या संख्येने आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला मूल कमी, पण आया जास्त. हा वेग ओसरायला काही दशकं जातात. 'लोकसंख्येचा विस्फोट' असा मथळा देण्यापूर्वी संपादकांनी निदान हा परिच्छेद वाचावा.

मृत्यू: इथे ढोबळ दर सरळसरळ उलटं सांगतो

२०२० मध्ये केरळचा ढोबळ मृत्युदर हजारी ७.० होता आणि बिहारचा ५.४. केरळमध्ये माणसं जास्त मरतात का? त्याच वर्षी अर्भक मृत्युदर (हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं) केरळात ६ आणि बिहारात २७ होता. केरळात म्हातारी माणसं जास्त आहेत, आणि म्हातारी माणसं कुठेही जास्त मरतात. त्यामुळे वयाची रचना बाजूला काढल्याशिवाय दोन जागांच्या मृत्युदरांची तुलना करायची नाही.

ती कशी काढायची ते हाताने करून पाहा. दोन काल्पनिक वस्त्या घेऊ, प्रत्येकी १०,००० लोकांच्या. एक महालसारखी जुनी, दुसरी बेसा-मनीषनगरकडे नव्याने झाली तशी, तरुण कुटुंबांची. आकडे माझे आहेत, गणित समजावं म्हणून घेतलेले.

जुनी वस्ती: १५ खालचे २,०००, मधले ६,०००, साठीपुढचे २,०००. हजारी मृत्युदर अनुक्रमे १, २ आणि ३०. मृत्यू २ + १२ + ६० = ७४. ढोबळ दर ७.४.

नवी वस्ती: ३,०००, ६,५०० आणि ५००. दर २, ४ आणि ४०. मृत्यू ६ + २६ + २० = ५२. ढोबळ दर ५.२.

नव्या वस्तीत प्रत्येक वयाचा माणूस जुन्या वस्तीपेक्षा जास्त धोक्यात आहे, तरी एकूण दर कमी! आता दोघींना एकच वयरचना द्या, समजा २,५००, ६,५०० आणि १,०००. जुनीचे दर तिला लावले तर २.५ + १३ + ३० = ४५.५ मृत्यू, म्हणजे ४.५५. नवीचे लावले तर ५ + २६ + ४० = ७१, म्हणजे ७.१. चित्र सरळ झालं. याला प्रमाणित मृत्युदर म्हणतात. प्रमाण म्हणून कोणती वयरचना घेतली ते तक्त्याखाली लिहायचं, कारण ती बदलली की आकडा बदलतो.

अर्भक मृत्युदराचा छेद वेगळा: एक वर्ष पूर्ण होण्याआधीचे मृत्यू भागिले त्याच वर्षातले जिवंत जन्म. महाराष्ट्राचा २०२० चा १६, भारताचा २८. इथला धोका अंशात आहे. घरी, पहिल्या एक-दोन दिवसांत गेलेलं बाळ कुठल्याच कागदावर येत नाही. ना जन्म, ना मृत्यू. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने म्हणूनच गावोगाव स्वतःची जन्म-मृत्यू नोंद ठेवली आणि नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचं काम त्या नोंदीवर तोललं. एखाद्या दुर्गम तालुक्याचा अर्भक मृत्युदर शहरापेक्षा कमी दिसला, तर आनंद मानण्याआधी मृत जन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू रजिस्टरात आहेत का ते पाहा. ते जवळजवळ शून्य असतील तर दर कमी नाही, नोंद कमी आहे.

माता मृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे सांगतात: २०१८-२० मध्ये महाराष्ट्राचं ३३, भारताचं ९७. ही घटना सुदैवाने इतकी विरळ आहे की तालुक्याचं वर्षाचं प्रमाण काढण्यात अर्थ नाही. तिथे एकेका मृत्यूची चौकशी वाचावी.

आयुर्मानाबद्दल थोडक्यात. २०१६-२० च्या जीवन सारणीत भारताचं जन्मावेळचं अपेक्षित आयुष्य ७०.० वर्षं आहे. म्हणून साठीच्या माणसाची दहाच वर्षं उरली असं होत नाही. बालपणीचे मृत्यू त्या सरासरीत मिसळलेले आहेत आणि तो त्यातून केव्हाच पार झालेला आहे. त्याची उरलेली सरासरी दहाहून बरीच जास्त येते.

स्थलांतर

नंतरची लोकसंख्या = आधीची + जन्म − मृत्यू + आलेले − गेलेले. आलेल्या-गेलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही, म्हणून बाकीच्या गोष्टी वजा केल्यावर शेवटी उरतो तोच त्यांचा आकडा. मात्र जन्म-मृत्यूच्या नोंदीतली सगळी गळती आणि परगावच्या प्रसूतींची सगळी भर या उरलेल्या आकड्यात येऊन बसते, हे विसरू नका. जनगणनेच्या 'डी' मालिकेतले तक्ते जन्मस्थान, मागचं ठिकाण आणि कारण सांगतात. त्यात स्त्रियांचा आकडा प्रचंड दिसेल; बहुतेकींचं कारण लग्न.

आकडे कुठून आणायचे, किती विश्वासाने

जिल्हा जनगणना पुस्तिका जनगणनेच्या संकेतस्थळावर मोफत आहे. गाव आणि प्रभागापर्यंतचे मूळ आकडे तिथे मिळतात. वयासाठी 'सी-१३' तक्ता एकेका वर्षाचा आणि 'सी-१४' पाच वर्षांच्या गटांचा. व्हिपल काढायला पहिला लागतो.

नमुना नोंदणी पद्धतीचे वार्षिक दर राज्यापर्यंतच मिळतात, जिल्ह्याचे नाहीत. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हा पत्रकं आहेत, पण त्यात एकूण जननदर आणि अर्भक मृत्युदर दिलेले नसतात, कारण जिल्ह्याचा नमुना तेवढा मोठा नसतो. त्यामुळे 'नागपूर जिल्ह्याचा अर्भक मृत्युदर अमुक' असं कोणी सांगितलं तर तो कुठून काढला, एवढं विचारा.

उरलं जन्म-मृत्यू रजिस्टर, आणि ते वाटतं त्यापेक्षा कामाचं आहे. जन्माच्या अहवालाच्या अर्जाचे दोन भाग असतात. कायदेशीर भागात नाव, तारीख, जन्माचं ठिकाण. सांख्यिकी भागात आईचं राहण्याचं गाव किंवा शहर, तिचं वय, शिक्षण, आधीची मुलं. परगावची बाळं वेगळी काढायची असतील तर तोच रकाना लागतो. आकडे मागताना 'घडल्या ठिकाणानुसार' नको, 'आईच्या राहत्या ठिकाणानुसार' हवेत असं अर्जात स्पष्ट लिहा. नाहीतर पहिलाच तक्ता हातात ठेवतात. आणि राहत्या पत्त्याच्या जागी माहेरचा पत्ता लिहिलेल्या नोंदी त्यात असणारच. 'कायमचा पत्ता' ताडून पाहिला की काही सापडतात.

महापालिकेच्या दहा झोनची तुलना करणार असाल, तर गांधीबाग आणि हनुमाननगर हे झोन घडल्या ठिकाणानुसार कायम वर दिसतील. एकात डागा आहे, दुसऱ्याच्या अंगाला मेडिकल. ती त्या झोनमधल्या लोकांची प्रकृती नव्हे.

लहान आकड्यांसाठी एक सोपी युक्ती. मृत्यूंच्या संख्येचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, आणि तेवढं खालीवर धरा. एखाद्या प्रभागात वर्षाला २०० जन्म आणि ४ अर्भक मृत्यू, दर २०. पुढच्या वर्षी ७ मृत्यू, दर ३५. 'बालमृत्यू पाऊणपट वाढले' अशी बातमी होऊ शकते. पण ७ चं वर्गमूळ २.६, दुप्पट साधारण ५. म्हणजे २ ते १२ यात कुठेही खरी पातळी असू शकते, आणि ४ त्यातच बसतात. अशा वेळी तीन किंवा पाच वर्षांचे मृत्यू आणि जन्म वेगवेगळे बेरजून मग भागा. दरवर्षीचे दर काढून त्यांची सरासरी घेऊ नका.

तक्ता तयार झाला की त्याच्याखाली चार गोष्टी लिहा: हद्द कोणत्या वर्षाची, छेद कुठून आणि कसा काढला, घटना राहत्या ठिकाणाच्या की घडल्या ठिकाणाच्या, आणि अंशातली मूळ संख्या. शेवटची फार महत्त्वाची. दर कितीही सुबक दिसला तरी वाचणाऱ्याला तो ७ मृत्यूंवर उभा आहे की ७०० वर, हे कळलं पाहिजे. आणि २०२७ चे आकडे आले की २०११ चा तक्ता फेकू नका. नव्या हद्दीत तो पुन्हा बांधायला हुडकेश्वर-नरसाळ्याच्या जुन्या ओळी त्यातूनच काढाव्या लागतील.